मामाची फिल्म आणि दोन वर्षांची मुदत

२०२२ च्या दिवाळीत लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्याच दिवशी, २५ ऑक्टोबरला, सूर्यग्रहण आलं होतं, आठवत असेल. अमळनेर तालुक्यातल्या माझ्या मामाच्या गावी सगळी पोरं गच्चीवर आणि एकाच्या हातात एक्स-रेची फिल्म. मामाचीच, जूनमध्ये काढलेली. पोरं आळीपाळीने मामाच्या छातीतून सूर्य बघत होती (डोळ्यांना हे चांगलं नसतं, ग्रहण बघायला एक्स-रे वापरू नये, पण खेड्यात कोण ऐकतं) आणि मामा खाली ओट्यावर बसून खोकत होता. त्याचा टीबीचा कोर्स चालू होता. सरकारकडून पोषणाचे महिन्याला ५०० रुपये पण खात्यावर येत होते.

टीबी नव्हताच तो.

खोकला आखाजीपासून, म्हणजे अक्षय्य तृतीयेपासून होता. कापसाची लागवड उरकली की दाखवू, असं म्हणत म्हणत जून उजाडला, मग तालुक्याला जाऊन एक्स-रे काढला. रिपोर्ट असा, की उजव्या बाजूला वर डाग दिसतोय, जुना कॉक्स असू शकतो, क्लिनिकल कोरिलेशन करावं. कॉक्स म्हणजे टीबीच, पेशंटसमोर टीबी शब्द नको म्हणून डॉक्टर लोक कॉक्स म्हणतात. थुंकी तपासली ती निगेटिव्ह आली, तरी फोटोवरून गोळ्या सुरू झाल्या, आणि आपल्याकडे टीबी इतका आहे की डाग दिसला की पहिला संशय त्याच्यावरच जातो, त्यात नवल पण नाही. नवल हे की सहा महिने गोळ्या खाऊन माणूस वाळत चाललाय आणि तरी कोणालाच तो फोटो परत बघावासा वाटला नाही. जानेवारीत सीटी झाला, सुईने तुकडा काढला, कॅन्सर निघाला. जळगावहून रात्रीची गाडी, सकाळी दादर, गाडगे महाराजांच्या धर्मशाळेत नंबर लावला आणि तिथून परळला टाटा. तिथल्या डॉक्टरांनी विचारलं, जुना एखादा एक्स-रे आहे का. मामेभावाने गावाहून फिल्म मागवली, तिच्यावर पोरांच्या बोटांचे ठसे आणि एका कोपऱ्यात फुलबाजीने पडलेलं भोक. डॉक्टरांनी ती उजेडाला धरली, हासळीच्या हाडामागे बोट ठेवलं आणि एवढंच म्हणाले, हे तेव्हा पण होतं.

पुढच्या पोळ्याला मामा नव्हता. मामी अजून विचारते, "रिपोर्टमा ते टीबी लिखेल व्हता, मंग आते कॅन्सर कथाईन उना?"

त्या सेंटरचं नाव इथे लिहिणार नाही, कारण तिथल्या डॉक्टरने निष्काळजीपणा केला असं मी छातीठोकपणे म्हणू शकत नाही. त्या डागाच्या मागचा गोळा दहापैकी नऊ रेडिओलॉजिस्टना दिसला असता की दहापैकी दोघांनाच, हे ठरवणारी जागाच आपल्याकडे नाही, आणि माझी सगळी तक्रार तीच आहे.

बघा, डॉक्टरविरुद्धचे बाकीचे जे खटले असतात, ऑपरेशनचे, भुलीचे, बाळंतपणाचे, त्यात थिएटरच्या दाराआड नेमकं काय घडलं यावरच निम्मी भांडणं होतात. एक म्हणतो असं झालं, दुसरा म्हणतो झालंच नाही. स्कॅनमध्ये तसं नसतं. डॉक्टरने त्या दिवशी जे बघितलं तेच, जसंच्या तसं, आजही कोणालाही बघता येतं. फोटो हा असा साक्षीदार आहे की तो फितूर होत नाही, विसरत नाही, त्याच्यावर कोणी दबाव आणू शकत नाही. म्हणजे चुकलेल्या स्कॅनचा दावा हा सगळ्यात सोपा दावा असायला पाहिजे, आणि प्रत्यक्षात तो सगळ्यात अवघड आहे, कारण साक्षीदार आहे पण आपण त्याला सांभाळत नाही, तो सापडेपर्यंत मुदत संपते, आणि सापडला तरी त्याला विचारायचं कसं हे कोणी ठरवलेलंच नाही.

सांभाळण्याचं आधी. मामेभाऊ त्या सेंटरवर गेला होता, की कॉम्प्युटरमधला मूळ फोटो द्या. काउंटरवरचा पोरगा म्हणाला, एवढा जुना डेटा आमच्याकडे राहत नाही. झालं. आणि त्याने नियम मोडला असं पण नाही! डॉक्टरांच्या वागणुकीचे २००२ चे जे नियम आहेत त्यात रेकॉर्ड तीन वर्षं ठेवायचं लिहिलंय, पण ते ॲडमिट असलेल्या पेशंटचं. आणि कागद मागितले तर ७२ तासांत द्यायचे, हे पण त्याच नियमांत आहे. पण आपण स्कॅन काढतो ते चालत्याबोलत्या, बाहेरच्या बाहेर, तासाभरात घरी. गंमत अशी की सोनोग्राफीच्या मशीनवर पीसीपीएनडीटीचा, म्हणजे गर्भलिंग तपासणी रोखणारा कायदा आहे, गरोदर बाईच्या तपासणीचे कागद दोन वर्षं जपावे लागतात, एक फॉर्म अर्धवट राहिला तर मशीनला सील लागायची भीती, आणि ते बरोबरच आहे, खान्देशात मुलींचं प्रमाण किती घसरलं होतं ते आपण बघितलंय. पण त्याच सेंटरमध्ये शेजारच्या खोलीत निघालेला कॅन्सरचा पहिला फोटो दुसऱ्या महिन्यात पुसला गेला तरी कोणाच्या कपाळाला आठी पडत नाही.

फिल्म हातात असली म्हणजे सगळं आलं असं पण समजू नका. साध्या एक्स-रेत फिल्म म्हणजेच फोटो, ठीक. सीटीत मात्र शरीराचे शेकडो काप असतात आणि फिल्मवर त्यातले निवडक, टिकलीएवढे, छापून देतात. ज्या कापात गाठ आहे तो छापलाच नसेल तर? पूर्वी सीडी तरी द्यायचे, आता लॅपटॉपला सीडीची खाच नाही, आणि बऱ्याच ठिकाणी तर रिपोर्टचा व्हॉट्सॲपवर फोटो पाठवला की काम संपलं. मूळ फाईल असते तिला डायकॉम म्हणतात, ती पेनड्राइव्हवर येते, पाच मिनिटांचं काम आहे. ती देणं सक्तीचं करा आणि सेंटरने निदान सात-आठ वर्षं ती ठेवलीच पाहिजे असा नियम करा, आता साठवायला काही फार पैसे लागत नाहीत, लोक लग्नाचे व्हिडिओ ठेवतात त्याहून कमी जागा लागते.

आता मुदत. ग्राहक कायद्यात तक्रार करायला दोन वर्षं. कधीपासून दोन वर्षं? दाव्याचं कारण घडल्यापासून. स्कॅनच्या बाबतीत कारण कधी घडलं, चुकीचा रिपोर्ट हातात आला त्या दिवशी की चूक कळली त्या दिवशी? कॅन्सरची खोडच ही, की तो दोन वर्षं गप्प बसू शकतो. सुप्रीम कोर्टाने २०१० च्या एका निकालात तत्त्व मान्य केलंय, की नुकसान उघड असेल तर मुदत घटनेपासून, लपलेलं असेल तर कळल्यापासून, किंवा नीट चौकशी केली असती तर कळू शकलं असतं तेव्हापासून. ऐकायला छान. पण त्या खटल्यात काय झालं माहितीये का? बाईच्या पोटात ऑपरेशनच्या वेळी राहिलेला कापडाचा बोळा नऊ वर्षांनी निघाला, बाई स्वतः नर्स, कोर्ट म्हणालं इतकी वर्षं दुखत होतं तर तू आधीच चौकशी करायला हवी होतीस, आणि तिची तक्रार मुदतबाह्य ठरली. नर्सला जर असं ऐकावं लागतं तर खोकल्याचं औषध घेऊन निंदणीला जाणाऱ्या बाईची काय कथा.

अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यात यावर एक कायदाच झालाय, लॅव्हर्न नावाच्या बाईच्या नावाने. २०१० मध्ये छातीत दुखतं म्हणून ती ब्रुकलिनच्या सरकारी हॉस्पिटलमध्ये गेली, एक्स-रे काढला, त्यात संशयास्पद डाग होता आणि रेडिओलॉजिस्टने तशी नोंद पण केली होती, पण तिला मात्र सगळं ठीक आहे म्हणून घरी पाठवलं. २०१२ मध्ये कळलं तेव्हा कॅन्सर पसरलेला. सरकारी हॉस्पिटलवर दावा लावायची मुदत १५ महिने, ती केव्हाच उलटून गेलेली. म्हणजे आपल्यावर अन्याय झालाय हे कळायच्या आधीच न्यायाचं दार बंद! २०१३ मध्ये ती वारली, आणि २०१८ च्या जानेवारीत कायदा झाला की कॅन्सरचं निदान हुकलं असेल तर अडीच वर्षांची मुदत चूक कळल्यापासून मोजायची, फक्त मूळ चुकीला सात वर्षांच्या वर झालेली नसावीत. हे वरचं टोपण पण मला पटतं. डॉक्टरच्या डोक्यावर जन्मभर तलवार टांगून ठेवण्यात काही अर्थ नाही. आपल्याकडे जे निकालपत्रात, वकिलाच्या युक्तिवादावर सोडलंय ते सरळ कायद्याच्या कलमात लिहायला काय हरकत आहे?

लॅव्हर्नच्या गोष्टीत अजून एक आहे जे आपल्याकडे तर पावलोपावली होतं. तिथे फोटो चुकीचा वाचला नव्हता, बरोबर वाचला होता, तो निरोप तिच्यापर्यंत पोचला नाही. आपल्याकडे रिपोर्ट इंग्रजीत, पेशंटला वाचता येत नाही, नातेवाईक तो कापड दुकानाच्या पिशवीत घालून डॉक्टरकडे नेतात, डॉक्टर खालची इम्प्रेशनची, म्हणजे निष्कर्षाची ओळ बघतो आणि पिशवी परत खुंटीला. आतल्या परिच्छेदात लिहिलेलं असतं, अमुक ठिकाणी बारीक गाठ, तीन महिन्यांनी परत सीटी करावा. कोण करणार? सांगितलं कोणी? आणि ते क्लिनिकल कोरिलेशन! माझ्या मते महाराष्ट्रात सगळ्यात जास्त छापले जाणारे दोन शब्द हेच असावेत. त्याचा सरळ अर्थ असा, की मी फोटो बघितला, आता तुम्ही पेशंट बघा आणि दोन्हीचा मेळ घाला. अर्थ चांगला आहे, पण फोटोवाला म्हणतो पेशंट तुम्ही बघा, पेशंटवाला म्हणतो फोटोत तर काही नाही, आणि दोघांच्या मधल्या फटीत माणूस जातो. कॅन्सरचा नुसता संशय जरी असला तरी रिपोर्टवर मराठीत एक ओळ आणि पाठवणाऱ्या डॉक्टरला एक फोन, एवढं केलं तरी मला वाटतं निम्मे खटले उभेच राहणार नाहीत.

आता दुसरी बाजू, कारण ती मांडल्याशिवाय हे लिहिणं लबाडीचं होईल. शाळेतला माझा एक मित्र रेडिओलॉजिस्ट आहे. त्याला मामाची फिल्म दाखवली. तो म्हणाला, मला दिसतंय, पण तू मला सांगून दाखवलीस ना भाऊ. ज्याला माहितीये की चोर माळ्यावर आहे त्याला माळ्याकडे बघितल्यावर चोर दिसतोच. त्याच्याकडे दिवसाला ७०-८० एक्स-रे येतात, मधे मधे सोनोग्राफी, वर सीटी, आणि संध्याकाळी दारात उभे राहून लोक विचारतात अजून रिपोर्ट झाला नाही का. अमेरिकेतल्या लिओ गार्लंड नावाच्या रेडिओलॉजिस्टने १९४९ मध्येच दाखवून दिलं होतं की ज्या छातीच्या एक्स-रेत खरंच दोष आहे त्यातले जवळजवळ ३० टक्के अनुभवी डॉक्टरांच्या नजरेतून पण सुटतात. २०१३ मध्ये तर एक मजेशीर प्रयोग झाला, फुप्फुसाच्या सीटीत मुद्दाम गोरिलाचं चित्र टाकलं, नेहमीच्या गाठीच्या ४८ पट मोठं, आणि २४ पैकी २० रेडिओलॉजिस्टना ते दिसलंच नाही, कारण ते गाठी शोधत होते, गोरिला नव्हे. माणसाचा डोळा असाच आहे. एक डाग सापडला की मन समाधानी होतं आणि दुसरा शोधायचं थांबतं, मामाच्या बाबतीत पण कदाचित तेच झालं असेल, टीबीसारखा डाग दिसला आणि त्याच्या मागचा राहिला.

म्हणून प्रत्येक सुटलेल्या गाठीला निष्काळजीपणा म्हणायला माझा विरोध आहे. तसं केलं तर उद्या प्रत्येक रिपोर्टवर लिहून येईल की कॅन्सर नाकारता येत नाही, आणि मग सीटी करा, एमआरआय करा, तुकडा काढा, आणि खर्च कोणाचा तर आपलाच. भीक नको पण कुत्रा आवर अशी गत.

पण सगळ्याच चुका एका जातीच्या नसतात ना. काही अशा की चांगल्यातला चांगला डॉक्टर पण चुकला असता, आणि काही अशा की बघितलंच नव्हतं, मागच्या वर्षीचा फोटो शेजारी ठेवून तुलना केली नव्हती, कालच्या रिपोर्टमधला मजकूर उचलून नाव बदललं होतं. या दोन जाती वेगळ्या करायच्या कशा? कोर्टात आज काय होतं, तर फोटो आणि पुढे काय झालं हे दोन्ही एकदम तज्ज्ञासमोर ठेवतात आणि विचारतात चूक आहे का. फिर्यादीच्या तज्ज्ञाला सूर्यप्रकाशासारखं स्पष्ट दिसतं, डॉक्टरच्या तज्ज्ञाला काहीच दिसत नाही. मुळात इथे तज्ज्ञ मिळवणंच मुश्कील. जळगाव-धुळ्यात सगळे डॉक्टर एकमेकांना ओळखतात, एकत्र शिकलेले, एकमेकांकडे पेशंट पाठवणारे, आपलेच दात आपलेच ओठ. सुप्रीम कोर्टाने २०१० मध्येच हैदराबादच्या एका खटल्यात, जिथे मलेरिया असताना टायफॉइडचं औषध दिलं होतं, सांगितलं की प्रत्येक केसमध्ये तज्ज्ञाचं मत लागेलच असं नाही. चूक ढळढळीत असेल तर ठीक आहे. हासळीमागच्या गोळ्याला मात्र लागतंच, तो वकिलाला कसा दिसणार.

मला सुचतं ते असं. वादातला फोटो नाव पुसून दुसऱ्या ५० फोटोंत मिसळा, त्यातले काही नॉर्मल, काही टीबीचे, काही कॅन्सरचे, आणि दुसऱ्या भागातल्या पाच रेडिओलॉजिस्टना नेहमीसारखे रिपोर्ट लिहायला द्या. कोणत्या फोटोवर खटला आहे हे त्यांना माहीत नाही, पुढे पेशंटचं काय झालं तेही माहीत नाही. पाचपैकी चौघांनी पकडलं तर मूळ डॉक्टरला उत्तर द्यावं लागेल. एकानेच पकडलं तर तो सुटला, आणि त्याच्या नावावरचा डाग पण पुसला गेला. धुळे, जळगाव, नंदुरबार, तिन्हीकडे आता सरकारी मेडिकल कॉलेज आहे. खान्देशातले फोटो नागपूरला वाचा, विदर्भातले इथे. यात डॉक्टरांचं नुकसान नाही, उलट आज जो प्रामाणिक डॉक्टर तीन तीन वर्षं ग्राहक आयोगाच्या तारखा करतो तो एका महिन्यात मोकळा होईल. मित्राला हे सांगितलं तर तो थोडा वेळ गप्प बसला, मग म्हणाला, त्या ५० मध्ये मी पण नापास होऊ शकतो. म्हटलं, हो, मग तेव्हा तुझी विमा कंपनी पैसे देईल, त्यासाठीच हप्ता भरतोस ना. पोलीस येणार नाहीत.

कारण पोलीस या सगळ्यात नकोच आहेत. सुप्रीम कोर्टाच्या जेकब मॅथ्यू खटल्यातल्या २००५ च्या निकालानंतर डॉक्टरवर गुन्हा दाखल करायचा तर ढोबळ, घोर निष्काळजीपणा लागतो आणि आधी दुसऱ्या डॉक्टरचं निष्पक्ष मत घ्यावं लागतं, ते योग्यच आहे. आणि दगडफेक तर नकोच नको. २०१७ च्या मार्चमध्ये धुळ्याच्या सिव्हिलमध्ये काय झालं ते आपण विसरायला नको, डोक्याला मार लागलेला पेशंट, तिथे न्यूरोसर्जनच नाही, ते त्या निवासी डॉक्टरने सांगितलं, आणि जमावाने त्याला इतकं मारलं की त्याच्या डोळ्याला गंभीर इजा झाली, मग राज्यभरचे निवासी डॉक्टर रजेवर गेले. जिथे नुकसान भरून मागायचा साधा, स्वस्त, रोजच्या वापरातला रस्ता नसतो तिथे लोकांना एकच रस्ता माहीत राहतो.

कागदावर आपला रस्ता तसा वाईट नाही, हे पण सांगायला पाहिजे, कारण बऱ्याच जणांना माहीतच नसतं. १९९५ मध्ये सुप्रीम कोर्टाने डॉक्टरची सेवा ग्राहक कायद्यात आणली. २०१९ च्या नव्या कायद्यात कोणत्या आयोगाकडे जायचं हे तुम्ही दिलेल्या फीवरून ठरतं, मागितलेल्या भरपाईवरून नाही. म्हणजे सीटीला चार हजार दिले असतील आणि भरपाई ३० लाख मागायची असेल तरी जिल्हा आयोगातच जाता येतं, आणि दिलेले पैसे ५ लाखांच्या आत असतील तर तक्रारीला फी शून्य. वकील पण सक्तीचा नाही. निकाल तीन महिन्यांत, तपासणी लागली तर पाच महिन्यांत लावायचा असं कायद्यात लिहिलंय. लिहिलंय. एका डॉक्टरनेच आपल्या बायकोच्या मृत्यूबद्दल लढलेल्या कोलकात्याच्या त्या गाजलेल्या खटल्यात बाई १९९८ ला गेली आणि ५ कोटी ९६ लाखांचा शेवटचा निकाल लागला २०१३ ला. डॉक्टर लोक तो आकडा सांगून घाबरतात, मला त्यातली १५ वर्षं दिसतात. स्वतः डॉक्टर असलेल्या माणसाला एवढी लागली.

आणि सगळ्यात मोठं भोक तर वेगळंच आहे. जिथे सगळ्यांनाच सेवा फुकट मिळते ते सरकारी हॉस्पिटल ग्राहक कायद्यातच बसत नाही, कारण पैसे दिले नाहीत म्हणजे तुम्ही ग्राहकच नाही. धडगाव-अक्कलकुव्याहून खाली येऊन फुकट एक्स-रे काढणाऱ्या माणसाला आयोगाचं दार नाही, त्याने दिवाणी कोर्टात जावं, स्टॅम्प फी भरावी, वकील करावा. ज्याच्याकडे सगळ्यात कमी आहे त्याच्यासाठी सगळ्यात महाग दरवाजा! हा फरक काढून टाकायलाच पाहिजे, ते फुकट नसतंच, आपल्या करातून आलेलं असतं.

शेवटी पैशाचा हिशोब कसा करायचा. इथे मला कोर्टांचा सगळ्यात जास्त राग येतो, आणि फक्त आपल्याच नाही. ब्रिटनमध्ये २००५ चा एक निकाल आहे. माणसाच्या काखेखाली गाठ, डॉक्टर म्हणाला चरबीची आहे, कॅन्सर निघाला, उशीर झाला. पूर्ण बरं व्हायची शक्यता ४२ टक्के होती ती २५ वर आली. पाचपैकी तीन न्यायाधीश म्हणाले, मुळातच ५० टक्क्यांच्या खाली होती, म्हणजे बरा झाला नसताच असं धरावं लागेल, सबब त्याचं नुकसान काहीच नाही. शून्य! आता हे रावेर-यावलच्या एखाद्या केळीवाल्याला जाऊन सांगा. वाऱ्याने बाग आडवी झाली तर पीक विम्यात जेवढी झाडं गेली तेवढे पैसे मागतो आपण, विमा कंपनी जर म्हणाली की या वर्षी भाव पडलेलेच होते, निम्म्याहून जास्त बाग तशीही तोट्यात जाणार होती, म्हणून तुमचं नुकसानच नाही, तर तिच्या ऑफिसला कुलूप लागेल. अमेरिकेत वॉशिंग्टन राज्याच्या कोर्टाने १९८३ मध्येच फुप्फुसाच्या कॅन्सरच्या खटल्यात वेगळं म्हटलं होतं, जगायची शक्यता ३९ वरून २५ वर आली ना, मग ते १४ टक्के हेच नुकसान, दावा चालू द्या. मला हेच बरोबर वाटतं. मामा वाचला असता का, हा प्रश्न कोणीच सोडवू शकत नाही आणि तो विचारूच नये. जून ते जानेवारी हे सात महिने गेले, त्यात आजार कुठून कुठे गेला, एवढ्याचा हिशोब करा. तो होऊ शकतो. आणि भरपाई कमी येईल, कोटीच्या बाता बंद होतील, विम्याचे हप्ते पण आवाक्यात राहतील.

कट प्रॅक्टिसवर मोठं लिहिता येईल, इथे फक्त एवढंच की ज्या सेंटरला पाठवणाऱ्या डॉक्टरला वाटा द्यावा लागतो त्याला तो संख्येतून भरून काढावा लागतो, आणि ७०-८० फोटो त्यातूनच येतात. २०१७ मध्ये राज्याने याविरुद्ध कायद्याचा मसुदा केला होता. तो मसुदाच राहिला.

आम्ही दावा केला नाही. मूळ फाईल नाही, तज्ज्ञ नाही, मामी म्हणाली माणूस गेला, आता कोर्टाच्या पायऱ्या कोण चढेल, आणि कापूस वेचणीला आला होता.

मागच्या महिन्यात आईची मॅमोग्राफी केली, दुसऱ्याच एका सेंटरला. रिपोर्ट चांगला आला. मी खिशातून पेनड्राइव्ह काढून काउंटरवर ठेवला, म्हटलं याच्यात मूळ फाईल टाकून द्या. तिथली मुलगी आधी पेनड्राइव्हकडे बघते, मग माझ्याकडे, मग आत जाऊन कोणाला तरी विचारून येते आणि म्हणते, "काका, रिपोर्ट नॉर्मल आहे ना, मग फोटो कशाला पाहिजे?"